जितेपणी वाजलेली थाळी

सुरगाण्याच्या डोंगरात, चिखलपाड्यावर, नवसाबाई नावाची एक कोकणा जमातीची बाई होती आणि तिला कागद-पेनवाल्या माणसांची शिसारी होती. ताटात केस निघाल्यावर येते ना, तशी, थेट पोटातून. पाड्याच्या वळणावर जीपची धूळ दिसली की ती हातातलं काम टाकायची, घरात शिरायची आणि ताटी ओढून घ्यायची. बाहेरून कुणी "आजी, जरा बोलायचं होतं" म्हणालं की आतून एवढंच ऐकू यायचं, "आजी मेलीय." बाहेरचा हसायचा. त्याला वाटायचं, म्हातारी मोठी गमतीची आहे. गंमत कसली, डोंबलाची! ती खरं तेच सांगत होती.

पण ते नंतरचं. आधी ही माणसं या डोंगरात कशाकशासाठी येत गेली ते ऐकलं पाहिजे, म्हणजे बाईच्या पोटात मळमळ का उठायची ते कळेल.

पहिल्यांदा आले ते मापं घेणारे. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा संस्थेची माणसं, स्वच्छ कपड्यातली. त्यांच्याकडं लोखंडी चिमटा होता. तो त्यांनी नवसाबाईच्या नवऱ्याच्या, वाळूच्या, कवटीला लावला, मग नाकाला लावला आणि आकडे ओरडून सांगितले. वाळू बिचारा हसत उभा राहिला, पाव्हणे आहेत म्हणून. मग नवसाबाईची पाळी. एकानं तिची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि आत वाकून पाहिलं. बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात बघतं, अगदी तसं. बैलाला निदान गिऱ्हाईक घरी तरी नेतं. हे लोक तोंडात बघून, हात रुमालाला पुसून निघून गेले. त्या रुमालाचं पुसणं नवसाबाई कधी विसरली नाही.

मग दुष्काळ पडला आणि मापांचा शौक संपला. आता आलेल्यांना हवं होतं, तुम्ही काय खाता? अरे, खायला आहे कुठं? रानातून कडूकंद खणून आणायचा, त्याच्या चकत्या करायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठं तो पोटात ठरायचा. त्याचे यांनी फोटो काढले. एका बाईनं तर हौसेनं एक चकती मागून घेतली, "टेस्ट करू दे" म्हणाली, आणि घरामागं जाऊन थुंकली. नवसाबाईनं ते पाहिलं. पोरांच्या तोंडातला घास होता तो. पाऊस बरा पडला त्या वर्षी ही माणसंही यायची बंद झाली. यांची आस्था दुष्काळाबरोबर आली आणि दुष्काळाबरोबर गेली.

वाळू त्यानंतर वर्षभरात गेला. साधा ताप, तालुक्याला न्यायच्या आत सगळं आटोपलं. त्याच्या दिवसांना सहादूनं थाळी लावली.

सहादू हा पाड्याचा थाळकरी. काशाची थाळी मांडायची, तिच्या मधोमध मेणानं एक सरळ काडी उभी चिकटवायची आणि ओल्या चिमटीत धरून ती वरून खाली ओढायची. थाळीतून जो आवाज निघतो तो मधमाशांच्या पोळ्याजवळ कान नेल्यासारखा. त्या आवाजावर सहादू मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचा आणि त्याला वाट सांगत निघायचा. हा ओहोळ ओलांड, ही टेकडी चढ, इथं तुझा बाप बसलाय, त्याच्याशेजारी बस. सगळ्यात शेवटी नाव खाली ठेवायचा. चिखलपाड्याची रीत अशी की एकदा नाव खाली ठेवलं की घरच्यांनी, भावकीनं ते नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. काढलं तर माणूस वाटेवरून मागं वळतो. आणि ही थाळी माणसाला एकदाच. दुसऱ्यांदा लावता येत नाही, कारण वाट एकदाच चालायची असते. वाळूचं नाव सहादूनं ठेवलं तेव्हा नवसाबाई पोटभर रडली आणि मग तिला शांत झोप लागली. आपलीही थाळी हाच लावील, आपण वाळूपर्यंत जाऊन पोचू, एवढा तिला भरवसा होता. देवाकडं तिनं दुसरं काही मागितलंही नव्हतं.

तर मापं झाली, भूक झाली, आता गाणी निघाली. शहात्तरच्या उन्हाळ्यात नाशिकच्या एका कॉलेजचे प्राध्यापक आडगावकर जीप घेऊन आले. तरणाताठा माणूस, दाढी राखलेली, खांद्याला शबनम. पाड्यावर उतरल्या उतरल्या जमिनीवर मांडी घालून बसला. लोक खूश. मापंवाल्यांनी कधी बूड टेकलं नव्हतं. यानं टेप काढला आणि म्हणाला, "मला तुमची थाळी हवी. मयताची."

सहादू म्हणाला, "मयत कुठंय?"

"मयत नसलं तरी चालेल. समजा, कुणी तरी गेलंय."

"समजून कसं लावायचं? नाव लागतं, सायेब. नावाशिवाय थाळीला तोंड फुटत नाय."

आडगावकरांना दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. जीप कॉलेजची, वेळेत पोचवायची. त्यांचं तोंड उतरलं. तिथं नवसाबाईचा मुलगा मंगळू बसला होता. सातवीपर्यंत शिकलेला, बाजारातून आणलेली पँट घालणारा, सगळ्या पाड्यात एकटाच शहरी मराठी फाडफाड बोलणारा. सायबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मंगळू, तू शिकलेला आहेस. तूच यांना समजाव. ही थाळी उद्या राहणार नाही. आम्ही जपून ठेवली तरच राहील."

झालं. खांद्यावर हात पडला आणि गडी पाघळला. आजवर त्याच्या खांद्यावर कुठल्या पँटवाल्यानं हात ठेवला होता? तो म्हणाला, "माझ्या आयचं नाव घ्या. ती हाय कुठं इथं? दिंडोरीकडं कामाला गेलीय. तिला कोण सांगणार?"

अरे मेल्या! आई उन्हातान्हात दुसऱ्याच्या मळ्यात राबतेय आणि तू इकडं तिचे दिवस घालतोस? सहादू नाही नाही म्हणत होता. पण पोलीस पाटील म्हणाला, सायेब सरकारातून आलेत, नाय कसं म्हणायचं? ते आणीबाणीचे दिवस. जीपला आणि सरकारला कुणी वेगळं ओळखत नव्हतं. सहादूनं थाळी लावली. नवसाबाईचं नाव घेतलं, तिला ओहोळ ओलांडायला लावला, टेकडी चढवली, वाळूशेजारी बसवली आणि नाव खाली ठेवलं. टेप फिरत होता. आडगावकरांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. पुढं ते पाणी कुठं वाहून गेलं ते कळेलच.

नवसाबाई गाठोडं डोक्यावर घेऊन पाड्यावर आली ती पावसाच्या तोंडावर. ओहोळावर बाया धुणं धूत होत्या. तिला पाहून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. कुणी नावानं हाक मारली नाही. तिनं विचारलं, "काय ग, काय झालं? कोण गेलं?" एकीनं पदर तोंडावर घेतला. शेवटी सहादूच पुढं आला, तिच्या पायाशी बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. नवसाबाईनं गाठोडं तिथंच टाकलं, घरी गेली आणि मंगळूच्या तोंडावर थुंकली. एवढंच. शिवी नाही, मारणं नाही.

तेव्हापासून त्या बाईला नाव राहिलं नाही. "मंगळूची आय", "ओ म्हातारे", "ऐकलं का". बाकी तिचं खाणंपिणं, काम, हसणं चालूच होतं. पण थोरल्या लेकीच्या पोरीच्या लग्नात हळद लावायला तिनं हात पुढं केला, तर विहीण मागं सरली. विधवेच्या हातची हळद पाड्यात चालायची, पण सरलेल्या बाईच्या हातची कशी चालेल? नवसाबाईनं हात पदराला पुसला आणि मांडवाबाहेर कुत्र्यांपाशी जाऊन बसली.

पंचांनी बसून एक तोड काढली होती. थाळी वाजली ती वाजली, पुन्हा लावता येत नाही. पण बाई मेली नव्हती, म्हणजे ती गेलीही नाही. गाणं वाटेवर निघालंच नाही, ते त्या मशीनच्या पोटात जाऊन बसलंय. तर ते मशीनमधलं गाणं आणून ठेवायचं. ज्या दिवशी ही खरी जाईल त्या दिवशी घरात ते लावायचं, नाव घेतल्यापासून नाव ठेवीपर्यंत सगळं. तिची थाळी तिला पावेल. कुणाला हसू येईल, पण जिचं सगळं पुढचं त्यावर अडलं होतं तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मंगळूनं निरोप पाठवले. आडगावकरांनी कळवलं, कॉपी काढून पाठवतो. वर्ष गेलं, दोन गेली. सायेब काही पुन्हा डोंगर चढले नाहीत. दुसरे मात्र येत राहिले. कुणाला जमिनीचे तंटे हवे होते, कुणाला जंगलखात्यानं केलेला छळ. नवसाबाई त्यांना एकच विचारायची, "माझं गाणं आणलंस का?" ते आपसांत बघायचे. मग ऐंशीच्या पुढं तर वेगळीच टूम निघाली. आलेला जो तो भिंतींकडं बघायचा. "तुम्ही तांदळाच्या पिठानं चित्रं काढत नाही?" अरे बाबा, ती वारली लोकांची, आम्ही कोकणे. तर म्हणाले, "काढून बघा की, हल्ली फार डिमांड आहे." माणसाला विचारतात की भिंतीला? त्यानंतरच ती ताटी ओढून घ्यायला लागली.

पंच्याऐंशीच्या थंडीत तिला खोकला लागला तो हटेना. रात्र रात्र बसून काढायची. एक दिवस तिनं मंगळूला सांगितलं, "नाशिकला चल. तो येत नाय तर आपण जाऊ. मी अशीच गेले तर वाटेवर तिष्ठत बसेन, ना इकडची ना तिकडची. तुझा बा वाट बघतोय."

एस.टी. वणीवरून, दिंडोरीवरून आली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसते द्राक्षांचे मांडव. दहा वर्षांपूर्वी याच भागात ती कामाला आली होती तेव्हा असं नव्हतं. ती खिडकीला डोकं टेकून खोकत होती आणि मंगळू शेजारच्यांना उगाच सांगत होता, कॉलेजात ओळख आहे, सायबांना भेटायला चाललोय.

आडगावकर आता विभागप्रमुख झाले होते. दाढी गेली होती, पोट आलं होतं. खोलीत टेबलामागं कपाट, कपाटात कॅसेटी. भिंतीवर काचेत घातलेलं वारली चित्र. मंगळूनं वाकून नमस्कार केला. सायबांनी ओळखलं नाही. मग चिखलपाडा म्हटल्यावर "हो हो, चिखलपाडा! काय दिवस होते ते!" म्हणाले.

"माझं गाणं दे," नवसाबाई म्हणाली.

दारातला शिपाई म्हणाला, "ए म्हातारे, सरांना अरेतुरे करतेस?" डोंगरात तर देवालाही तू म्हणतात. आडगावकरांनी हसून हात केला, असू दे, असू दे. मग मंगळूकडं वळून सांगायला लागले. "त्याचं असं आहे, मंगळू, तो विषय आता मागं पडला. तेव्हा आदिवासींवर काम करायला ग्रँट मिळायची, आता त्या भागात कुणाला फारसा इंटरेस्ट राहिलेला नाही. आता बागायत. द्राक्षानं हा जिल्हा बदलला, त्यावर आमचा मोठा प्रकल्प चाललाय. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी, सगळं पालथं घातलं मी."

"गाणं," नवसाबाई म्हणाली.

त्यांनी कपाट धुंडाळलं. खालच्या खणातून एक कॅसेट काढली. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर 'द्राक्ष, मुलाखत' असं लिहिलं होतं आणि त्याखालच्या जुन्या कागदाचा कोपरा दिसत होता. सायबांनी तो नखानं उचलून पाहिला आणि त्यांचा चेहरा जरासा, अगदी जरासाच, कसनुसा झाला. "बघू या," म्हणाले आणि टेप लावला.

कुणी बागायतदार खणखणीत आवाजात बोलत होता. वेलीवर डावणी रोग पडला की मोरचूद आणि चुना कसा फवारायचा, किती फवारायचा, मुंबईच्या मार्केटला पेट्या कशा जातात. मध्येच आडगावकरांचा आवाज, "अच्छा, अच्छा." नवसाबाई ऐकत होती. तिला वाटलं, हे आधीचं असेल, मग सहादू येईल. तिनं हात जोडून ठेवले होते. बागायतदार बोलत राहिला. किटलीतला चहा आला, बशीत ओतून सायबांचा पिऊन झाला. मुलाखत संपली, खरखर झाली आणि एकदम, त्या खरखरीतून, थाळी घुमली.

सहादूचा आवाज होता. तरणा आवाज, दहा वर्षांमागचा. "...बस शेजारी, बस आता, ठेवलं ग बाय..." आणि टक्. पट्टी संपली.

मंगळू ओरडला, "आय, हाय! थोडं हाय!"

"नाव कुठंय?" नवसाबाई म्हणाली. "वाट कुठंय? मला बसवलं कुठं यानं? मोरचुदात?"

आडगावकर म्हणाले, "माफ करा हं. त्या वेळी नव्या कॅसेटी मिळत नव्हत्या, विद्यार्थ्यांनी हीच घेतलेली दिसते. पण तुम्ही एवढ्या लांबून... या एका गाण्यासाठी? का बरं?" मंगळूनं मान खाली घालून सगळं सांगितलं. नाव ठेवणं, हळदीचं, पंचांची तोड. आणि काय सांगावं, सांगता सांगता सायबांचे डोळे लकाकू लागले! पश्चात्ताप कुठला, शरम कुठली? हा माणूस खुर्ची पुढं ओढून बसला. "म्हणजे रेकॉर्डिंगमुळं ही बाई समाजाच्या दृष्टीनं मृत झाली? अरे, हे तर विलक्षण मटेरियल आहे! यावर कुणीच काम केलेलं नाही." त्यांनी कॅसेट उलटी केली, लाल बटण दाबलं आणि टेप म्हातारीच्या तोंडाजवळ सरकवला.

"हां आजी. आधी तुमचं नाव सांगा."

ज्या माणसानं तिचं नाव ऐकून डोळ्यांतून पाणी काढलं होतं, तो विचारत होता, तुमचं नाव सांगा. नवसाबाईनं तोंड घट्ट मिटलं. सायबांनी मंगळूला विचारलं, "काय रे नाव आईचं?" मंगळू कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "घेता येत नाय, सर." "वा!" सर म्हणाले आणि तेही लिहून घेतलं.

नवसाबाई उठली. तिला खरोखरच ढवळून आलं होतं. खोलीबाहेरच्या नळापाशी बसून ती ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी पडलं. शिपाई ओरडला, "इथं घाण करू नका!" आत टेप फिरतच होता.

मंगळू बराच वेळ आतच राहिला. आला तो लगबगीनं. दोघं चालत स्टँडवर आली, सुरगाण्याची गाडी लागायची होती. नवसाबाई फलाटाच्या कडेला बसली, पदराचा बोळा तोंडावर धरून. मंगळूनं तिच्यासाठी चहा आणला. तिनं घेतला नाही. मग तो शेजारी बसून, तिच्याकडं न बघता, पण आवाजातला आनंद लपवता न येऊन म्हणाला,

"आय, सर पुन्हा येणार हायेत पाड्यावर. होळी झाल्यावर. या वेळी व्हिडिओ आणणार. सहादू हाय तोवर सगळं नव्यानं करू म्हणत होते, पयल्यापासून. मला म्हणाले, तू माझा सहायक."

नवसाबाईनं तोंडावरचा पदर काढला. लेकाकडं पाहिलं. तेल लावून चापून बसवलेले केस, इस्त्रीची पँट, सायबांनी ज्यावर हात ठेवला होता तो खांदा.

"करा की," ती म्हणाली. "पण या वेळी नाव तुझं दे."

मंगळू हसायला गेला. मग त्याच्या लक्षात आलं की आय हसत नाहीये. त्यानं हातातला चहाचा पेला खाली ठेवला. गाडी लागली, लोक धावले, जागेसाठी रुमाल, पिशव्या खिडकीतून आत पडू लागल्या. मंगळू जागचा हलला नाही. नवसाबाई एकटीच उठली, गर्दीतून वाट काढत गाडीत चढली आणि कंडक्टरला म्हणाली, "सुरगाण्याचं एकच तिकीट दे."